मनःशांती कक्षाची पाहणी

मानवी मनाच्या अथांग डोहात उतरून त्याचा तळ शोधण्याचं कार्य आमच्या विभागात अविरत चालू असतं. वीज गेली की थांबतं.

यातलं पहिलं वाक्य दर वर्षी छापून येतं. विद्यापीठाच्या आमच्या छोट्या केंद्राचा एक वार्षिक अंक निघतो आणि त्यात प्रत्येक विभागाने आपल्या घडामोडी आणि यश लिहून द्यायचं असतं. मानसशास्त्र विभागात शिक्षक दोघंच. एक मी आणि दुसऱ्या आमच्या विभागप्रमुख मॅडम. त्या प्रमुख असल्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे येतं. मॅडम दर वेळी 'अथांग' खोडतात आणि मी पुढच्या वर्षी ते परत घालतो.

या वर्षी मात्र विभागात खरोखरच काहीतरी घडलं.

आमचं केंद्र उल्हासनगरच्या एका टोकाला, फर्निचरच्या कारखान्यांच्या मागे आहे. खिडकी उघडली की पॉलिशचा वास येतो आणि शिकवताना मधूनमधून करवतीसाठी थांबावं लागतं. इमारतीच्या जिन्याखाली एक लांबट खोली होती. तिच्यात मोडकी बाकं पडलेली असत. मॅडमनी ती मागून घेतली, रिकामी करवली, भिंतींना फिकट निळा रंग लावला आणि बाहेर 'मनःशांती कक्ष' अशी पाटी लावली. विद्यार्थ्यांनी यावं, डोळे मिटून पडावं, बोलावंसं वाटलं तर बोलावं, इतकंच. मॅडमना निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि सबंध नोकरीत त्यांनी केंद्राकडे स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट होती.

रंग पुरता वाळतो न वाळतो तोच केंद्राच्या संचालकांनी आम्हाला बोलावून घेतलं. डेटा सायन्सच्या नव्या कोर्सला जागा कमी पडत होती. मूल्यांकन समिती येणार होती. समिती त्यांची लॅब बघेल, विस्ताराला मान्यता देईल आणि मग जिन्याखालची खोली तिकडे जाईल, असं त्यांनी समजावलं.

"मनःशांती काय मॅडम, व्हरांड्यातसुद्धा मिळते," संचालक म्हणाले.

"मग डेटा ठेवा ना व्हरांड्यात," मॅडम म्हणाल्या.

खोलीत परतल्यावर मात्र त्या थेट निळ्या भिंतीपाशी गेल्या. भिंतीवर रंगाचा एक ओघळ राहिला होता, तो नखाने खरवडत बसल्या.

कक्षात सामान म्हणजे एक खुर्ची, एक पंखा आणि एक स्पीकर. खुर्ची मागच्या गल्लीतल्या कारखान्यात बनवून घेतली होती. माणूस सैल तर व्हायला हवा पण जागा राहायला हवा, असं मॅडमनी कारखान्याच्या सिंधी मालकांना पुन्हापुन्हा बजावलं होतं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. "साईं, जगाना आपका काम. मैं तो ऐसी चीज दूँगा के बंदा उठने का नाम नहीं लेगा." आम्ही ते कौतुकाने ऐकून घेतलं.

स्पीकरवर मॅडमच्या आवाजातलं रेकॉर्डिंग लागायचं. ऐकणाऱ्याला हळूहळू एका शांत जागी घेऊन जाणारं. पहिलं रेकॉर्डिंग पाठ्यपुस्तकातून उचललेलं होतं. त्यात बर्फाचे डोंगर होते, देवदारांचं रान होतं, त्यातून जाणारी एक निर्जन वाट होती. पालेगावहून येणारी एक मुलगी ते ऐकून कपाळाला आठ्या घालूनच बाहेर आली.

"मॅडम, बर्फ म्हटलं की मला मासळीबाजारच दिसतो."

तिच्या मागे उल्हासनगरच्या एका कापडदुकानदाराचा मुलगा होता. "और जंगल में अकेला क्यूँ भेज रहे हो मॅडम? उलटं टेन्शन येतं."

मॅडमनी ते रेकॉर्डिंग पुसलं आणि सगळ्या वर्गाला विचारलं, तुम्हाला शांत कुठे वाटतं? आधी मुलं पुस्तकी उत्तरं देत राहिली. मग कापडदुकानदाराच्या मुलाने सांगितलं की दुपारी शटर अर्धं खाली ओढलेलं असतं, गिऱ्हाईक नसतं, पप्पा गल्ल्यावर डोकं ठेवून झोपलेले असतात आणि शटरखालून येणारा उन्हाचा पट्टा कापडाच्या गठ्ठ्यांवरून हळूहळू सरकतो. पालेगावच्या मुलीला शेताचा बांध आठवला. शेत आता राहिलं नव्हतं, तिथे बिल्डिंग होती, पण तिच्या डोळ्यांपुढे बांधच यायचा. अंबरनाथची एक मुलगी म्हणाली, विहारात वंदना संपून सगळे घरी गेल्यावर फरशीला गाल लावून पडायचं, फरशी गार असते. बदलापूरच्या दोघातिघांनी जांभळाचं झाड सांगितलं आणि मग ते नेमकं कोणाच्या वाडीतलं यावरून भांडले.

मॅडमनी हे सगळं एका वाटेवर ओवलं. नवं रेकॉर्डिंग ऐकणारा माणूस अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडायचा तो थेट बांधावर यायचा. बांधावरून चालत जांभळाखाली, जांभळाच्या सावलीतून गार फरशीवर. या चार जागा एकमेकींपासून लांब आहेत आणि मध्ये हायवे आहे. त्या आवाजात हायवे लागत नसे. मी एकदा खुर्चीत बसून ते ऐकलं, तेव्हा मला चिखलोलीचं स्टेशन दिसलं. मी चिखलोलीला राहतो. आमची इमारत विकताना स्टेशन अगदी दारात दाखवलं होतं; ते अजून व्हायचं आहे. मला दिसलं ते पूर्ण झालेलं होतं. फलाटावर ओल्या रंगाचा वास होता, बाकावर एक कुत्रं झोपलेलं होतं आणि कुठे जायची घाई कुणालाच नव्हती.

रेकॉर्डिंगच्या शेवटी 'आता सावकाश डोळे उघडा' असं एक वाक्य होतं. मुलांना ते आवडेना. बरं चाललेलं असताना कुणीतरी पांघरूण ओढल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा कापडदुकानदाराच्या मुलाने मोबाइलवर ते वाक्य कापलं आणि शेवट सुरुवातीला जोडून दिला. वेळ संपली की आम्ही दारावर टकटक करायचो. त्यामुळे त्या वाक्याची कुणाला आठवणही राहिली नाही.

समिती आली त्या दिवशी केंद्राच्या फाटकापासून रांगोळी होती आणि वर्षभर बंद असलेलं पाण्याचं मशीन चालू होतं. समितीचे अध्यक्ष दुसऱ्या विद्यापीठातले वयस्कर, भारदस्त गृहस्थ होते. कडक म्हणून त्यांची ख्याती होती. सकाळभर ते कुणाशी हसले नाहीत. जेवणात कढी-चावल, तळलेले बटाटे आणि गुलाबजाम होते. जेवणानंतर आधी आमचा विभाग आणि मग डेटा सायन्सची लॅब, असा बेत संचालकांनी ठरवला होता. आम्हाला पाच मिनिटांत उरकायला सांगितलं होतं.

"हे प्रात्यक्षिक असतं का?" अध्यक्षांनी खुर्चीकडे बघत विचारलं.

"बसून बघा ना सर," मॅडम म्हणाल्या.

अध्यक्ष बसले. कोटाचं बटण काढलं. मॅडमनी स्पीकर लावला. शटरखालून वाकेपर्यंत त्यांच्या कपाळावर आठी होती. बांधावर ती गेली. जांभळाखाली त्यांचं तोंड थोडं उघडलं.

संचालक माझ्या कानाशी आले. "झोपले का हो?"

"चिंतन करतायत," समितीचे दुसरे सदस्य पटकन म्हणाले. त्यांना बाहेर चहा दिसला होता.

एकदा चिंतन म्हटल्यावर पुढचं सगळं अवघड झालं. समितीच्या अध्यक्षांना हात लावून हलवायचं, तर त्याचा अधिकार कुणाला? मॅडम शेवटच्या वाक्याची वाट बघत होत्या. फरशी आली, फरशीनंतर पुन्हा शटर आलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघांना एकदमच आठवलं. दारावर टकटक करायला मी हात उचलला. मॅडमनी नुसती मान हलवली. नको.

आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहिलो. करवतही कधीतरी थांबली. मॅडमचा आवाज आम्हाला परत परत त्याच वाटेवरून नेत होता आणि निळी भिंत जरा लांब गेल्यासारखी वाटत होती. वरच्या मजल्यावर डेटा सायन्सची मुलं टाय लावून उभी होती. दारातून आलेलं ऊन अध्यक्षांच्या बुटांवरून सरकत गुडघ्यांपर्यंत चढलं, मग फिकं झालं.

जागे झाल्यावर त्यांनी समोरच्या निळ्या भिंतीकडे बघितलं. मग कुणाकडेच न बघता त्यांनी विचारलं, "ती विहीर आहे का अजून?"

रेकॉर्डिंगमध्ये विहीर नव्हती.

"आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "पाणी पण आहे."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि कोटाचं बटण लावलं. संचालकांनी लॅबचा विषय काढला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, त्यांची गाडी निघायची वेळ झाली होती. लॅब बघितलीच नाही, म्हणून विस्ताराला मान्यता मिळाली नाही. मान्यता नाही, म्हणून खोलीही तिकडे गेली नाही. समितीच्या अहवालात आमच्या कक्षाचा उल्लेख 'अनुकरणीय उपक्रम' असा आला. अध्यक्षांनी त्याची प्रदीर्घ पाहणी केली, असंही त्यात नमूद होतं. मॅडमनी तो परिच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि या वर्षीच्या अंकात त्यांनी 'अथांग' खोडलं नाही.

मनःशांती कक्ष आता कायमचा आमच्या विभागाकडे आहे. संचालक रोज जेवणानंतर जातीने त्याची पाहणी करतात. तेवढा वेळ दार आतून बंद असतं.