चमचाभर विरजण

आमच्या हेमलताकाकू दह्याचा सट कधी पूर्ण रिकामा होऊ देत नाहीत. तळाशी चमचाभर दही राहायलाच हवं. तेच विरजण. रात्री ते कोमट दुधात कालवायचं, सकाळी दही तयार, त्यातलं पुन्हा चमचाभर बाजूला. मी पुण्याहून इकडे कानडी मुलखात, जयनगरला, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. पाकिटातलं दही मिळत असताना कशाला एवढा जीव टाकायचा?

मग कळलं, ते विरजण काकूंच्या आईच्या हातचं. लग्न होऊन बेळगावहून इकडे निघताना आईने डब्यात घालून दिलेलं. वर्षभरात आई गेली. "रोज सकाळी भेटते गं मला," काकू म्हणायच्या.

गेल्या महिन्यात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात असताना उपेंद्रकाकांना स्वच्छतेचा झटका आला. इंजिनिअर म्हणून सरकारी कारखान्यात जन्म घालवलेला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या फ्रिजमध्ये डोकावला, आणि आंबट वास येतो म्हणून सट घासून, पुसून पालथा घातला. वर मला कौतुकाने दाखवला!

मी कपाळावर हात मारला. "काका, ते विरजण होतं."

काकांनी सट उचलून आत बघितलं; तळ कोरडा. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू घरी यायच्या होत्या.

"मथुराक्का!" ते एकदम म्हणाले. पूर्वी शेजारच्या घरात राहणाऱ्या मथुराक्का आता चामराजपेटेत असतात. त्यांनी काकूंकडूनच विरजण नेलं होतं. आम्ही सट घेऊन रिक्षाने पोहोचलो, तोवर त्यांच्या देवापाशी दिवा लागला होता.

"छे हो अण्णा," मथुराक्का म्हणाल्या, "दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत. हेमलतानेच शिकवलंय मला."

माझा पारा चढला. एवढ्या ट्रॅफिकमधून आलो आणि ही बाई नियम सांगते! काका मात्र हात जोडून उभे होते. "अक्का, तिची आई मी मोरीत ओतली हो."

मथुराक्कांनी सट माझ्या हातून घेतला. "स्वल्प बसा." त्यांनी दूध कोमट केलं, आमच्या सटात ओतलं, आपल्या दह्यातलं चमचाभर त्यात कालवलं आणि झाकण ठेवलं. "विरजण दिलं नाही. माझ्या घरात दही लावलंय. सकाळी येऊन घेऊन जा, सरी? चालेल ना?" मग हसल्या. "तुमच्या अजितच्या जन्माच्या वेळी हेमलताचं विरजण नासलं होतं, तेव्हा माझ्याकडूनच परत गेलं. पुढे माझं बिघडलं, तिच्याकडून आलं."

जिला मी कधी पाहिलं नाही, जी माझ्या जन्माआधीच गेली, त्या बाईच्या हातचं काहीतरी समोर, झाकणाखाली जिवंत होतं. ना नात्याच्या ना गोत्याच्या बाईने ते जपलं होतं. मी त्या सटाकडे नुसती बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना काकांनी काकूंना सगळं सांगून टाकलं. काकू डोळे पुसत सावकाश दहीभात जेवल्या. तळाशी चमचाभर उरलं तेव्हा त्यांनी सट काकांपुढे सरकवला.

"आजपासून तुम्ही लावायचं. माझ्यामागे आईला कोण बघणार?"