दोन काळ्या रेघा

बर्नाडीन पिलार्स्कीने एकतीस वर्षं ॲक्सलच्या कारखान्यात क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांची जोडी, बसवली. तिच्या हातून गेलेला एकही ॲक्सल आवाज करतो म्हणून परत आला नाही. हे ती सांगत नसे, इतर सांगत.

पण तिची स्वतःची गाडी लंगडी होती. सत्तर सालची निळी शेव्हेल. इंजिन सुरू झालं की शेजाऱ्यांच्या कपबशा वाजत. मात्र जोर दिला की मागचं उजवं चाकच तेवढं जागच्या जागी भिरभिरे, डावं बघत बसे. रस्त्यावर एकच काळी रेघ. हॅमट्रॅमिक गावच्या जुन्या गाडीवाल्यांत एक रेघ म्हणजे नाक कापलं जाणं.

"आली एकटांगी!" दर शनिवारी दीर लेस्टर ओरडे. गाडीवर त्याचा वीस वर्षं डोळा होता.

जूनमध्ये बर्नाडीनने एकदाचं सांगून टाकलं, "ऑगस्टच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीआधी दोन रेघा काढून दाखवते. माझ्या हातानं. नाही जमलं तर किल्ली तुझी."

"सत्तरी उलटली तुझी, अंगठा वळत नाही. आत्ताच देऊन टाक, कष्ट वाचतील."

"वाचवून नेऊ कुठं? शवपेटीत?"

भंगारातून तिने जाड हौसिंग, ॲक्सलचं बाहेरचं कवच, आणलं. दात नवे घेतले आणि दोन्ही चाकांना एकत्र बांधणारा, आत घर्षणाच्या चकत्या असलेला नवा संचही घेतला. खोलणं दोन दिवसांचं काम. खरं काम पुढे. दातांना पिवळी पेस्ट लावायची, फिरवायचं, उमटलेला ठसा बघायचा. तो दाताच्या मधोमध हवा. तिचा टोकाला आला. बेअरिंग दाबून काढलं, खालची शिम, पत्र्याची पातळ कडी, बदलली, पुन्हा बसवलं. आता ठसा बुडाशी. पुन्हा काढलं. असं अकरा वेळा. अंगठा टम्म फुगला, त्याला गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी बांधून ती संध्याकाळी बसून राही. अकराव्या वेळी ठसा हवा तिथे पडला. दातांमधली मोकळीक इंचाच्या हजार भागांतले आठ, हवी तेवढीच. तिने तेल भरलं आणि झाकण आवळलं.

मिरवणुकीच्या आदल्या सकाळी ती गाडी घेऊन बोलिंगच्या हॉलमागच्या मोकळ्या फरशीवर आली. लेस्टर होता, ओटिस होता. कारखान्यात तिघं एका ओळीत उभी राहत: बर्नाडीन दात बसवी, ओटिस बोल्ट आवळी, लेस्टर तेल भरी.

गाडी सरळ गेली, आवाज नाही. वळली आणि मागून खडखडली, दगडांवरून पिंप लोटावं तशी. तिने पुन्हा वळवली. पुन्हा तेच.

ओटिस बुटांकडे बघू लागला.

बर्नाडीन उतरली. "हात गेले माझे," ती म्हणाली आणि किल्ली लेस्टरच्या तळव्यावर ठेवली.

लेस्टरने मूठ मिटली. गाडीकडे बघितलं. ओठ चावला. मग म्हणाला, "बर्नी, तेलात ती छोटी बाटली ओतलीस ना?"

"कसली छोटी बाटली?"

ओटिस हसत हसत खालीच बसला.

"एकतीस वर्षं!" लेस्टर किंचाळला. "एकतीस वर्षं माझ्याजवळ उभी होतीस! चकत्या वळणावर अडखळू नयेत म्हणून मी ॲक्सलमध्ये काय ओतायचो, अत्तर?"

"मला काय ठाऊक? तेल तुझं काम. दुसऱ्याच्या कामात मी कधी नाक खुपसलं नाही."

"पण नाकाला वास तरी यायचा ना? सडक्या मासळीचा!"

"मला वाटायचं तुझा डबा."

आता लेस्टरलाही उभं राहवेना. डोळे पुसत तो घरी गेला आणि स्वतःच्या फळीवरची बाटली घेऊन आला. बाटली आणि किल्ली, दोन्ही त्याने तिच्या हातात दिली. "ओत तूच. नाहीतर म्हणशील मी मदत केली."

थोडं तेल काढून तिने बाटली आत रिकामी केली. मग चकत्यांत ते मुरावं म्हणून इंग्रजी आठाच्या आकड्यात गाडी फिरवली. चौथ्या आठाला खडखड विरळ झाली. सातव्याला थांबली. तरी तिने दहा पुरे केले.

मग गाडी सरळ उभी केली, ब्रेक दाबून धरला आणि जोर दिला.

दोन्ही चाकं एकदम भिरभिरली. धुरात ओटिस दिसेनासा झाला. हॉलची स्वयंपाकीण झारा घेऊन बाहेर धावली आणि शिव्या द्यायच्या विसरून टाळ्या वाजवू लागली. धूर सरला तेव्हा फरशीवर दोन रेघा होत्या, काळ्याभोर, शेजारी शेजारी.

लेस्टर वाकून वाकून बघत होता. "डावी जरा बारीक आहे."

"चष्मा पूस."

त्याने पुसला. पुन्हा बघितलं.

बर्नाडीनने किल्ली त्याच्याकडे फेकली. "एक फेरी. एकच."

तो गेला. गाडी वळताना ती आणि ओटिस कान देऊन उभे राहिले. फक्त इंजिन. दुसऱ्या वळणावरही फक्त इंजिन. लेस्टर समोरून हात हलवत गेला, थांबला नाही.

"एकच म्हटलं होतं!" ती ओरडली.

तिसरी फेरी संपवून तो चौथीला वळला होता.