बियांसकट वाटलेली वाईन

मोठा भाऊ दिंडोरीत द्राक्षं पिकवतो आणि मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून त्याला सल्ले देतो. बसल्या जागी बोलण्यापलीकडे मला काही येत नाही, असं त्याचं ठाम मत. ते एकदा तरी खोडून काढावं म्हणून मी जांभळाची वाईन घालायला घेतली. "चांगली झाली" एवढे दोन शब्द मला दादाच्या तोंडून ऐकायचे होते.

जांभळाची बी मधुमेहाला चांगली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला वर्षापूर्वी मधुमेह निघाला होता. बायकोखेरीज कोणाला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा बिया कशाला फुकट घालवायच्या, म्हणून मी जांभळं बियांसकट मिक्सरमधून काढली. दीड महिन्याने घोटभर चाखली. त्यापेक्षा कारल्याचा रस परवडला. रंग मात्र देखणा होता.

इंटरनेटवर उपाय सापडला. अंड्याचा पांढरा भाग कडूपणा ओढून घेतो आणि तळाशी बसतो म्हणे. बायकोने दारातच अडवलं.

"श्रावण चालू आहे. अंडं घरात येणार नाही."

"आणि वाईन?"

"ती मी औषधात धरली आहे."

मग अंड्याऐवजी साय काढलेलं दूध घातलं. ते नासलं, चोथा खाली बसला, चार दिवसांनी वरची वाईन मी नळीने काढून घेतली. कडूपणा निम्मा गेला आणि देखणा रंगही गेला. उरलं ते रंग जाणाऱ्या साडीच्या पाण्यासारखं दिसत होतं. त्याच्या तीन बाटल्या भरून मी निर्लज्जपणे दादाला बोलावलं.

"जांभळाची हाय ना, मग श्रावणातबी चालती, फळातच मोडती," म्हणत दादाने घोट घेतला, तोंडात फिरवला.

"बिया वाटल्या तू?"

"शुगरला चांगल्या असतात म्हणून," मी बोलून बसलो.

"कोणाला हाय शुगर?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी कबूल केलं.

"वरीस झालं आन मला सांगितलं नाय?" त्याने ग्लास खाली ठेवला. "मी काय परका हाय?"

बसून खाल्लं की असंच होतं, असं तो म्हणेल या भीतीने मी वर्षभर गप्प होतो. तो तसलं काहीच बोलला नाही. मला इतकी लाज वाटली, की वाईन कशी झाली हे विचारायचं राहूनच गेलं.

जाताना त्याने तिन्ही बाटल्या उचलल्या. "ही तू प्यायची नाय आता. आन सोमवारी डॉक्टरकडं मी येतो तुझ्यासंगं."