नदीत टाकायचा भात

पानावर वाफाळता भात पडला की मला दुष्काळातली ती दुपार आठवते. सरकारी पंगतींतला उरलेला भात नदीत टाकायचा हुकूम होता. आम्ही तिघे वाढपी मात्र तो पाट्यांत भरून घाटावर उपाशी बसलेल्यांना चोरून वाटायचो. सापडलो तर फटके ठरलेले. त्या दिवशी दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, “पाट्या कुठे निघाल्या?” “नदीत टाकायला,” मी म्हणालो. “चला, बघतोच,” म्हणत तो मागोमाग आला. आम्हाला पाहताच घाटावरची माणसं धडपडत उठली, एका बाईने पदर पसरला. पहारेकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवून म्हणाला, “नदी पाहिली मी. टाका आता.” त्याचं नाव विचारायचं राहिलं, याची आज म्हातारपणीही रुखरुख वाटते.