संकष्टीची तपासणी

नारायणगावच्या दवाखान्यात बाकावर ती माझ्याशेजारी बसली होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पिंपळवंडीची शेतकरीण, साठीच्या आतली. माझ्यासारखाच तिचाही एक स्तन कॅन्सरमुळे काढलेला. उरलेला निरोगी स्तनही खबरदारी म्हणून काढायचा का, हे मला त्या दिवशी डॉक्टरांना सांगायचं होतं. धोक्याचे आकडे वहीत लिहून रोज वाचत होते, तरी माझं काही ठरत नव्हतं.

ब्लाउजमध्ये काढलेल्या स्तनाच्या जागी तिने मोहरी भरलेली कापडी पिशवी घातली होती. बोलता बोलता चारचौघांत ती पिशवी बिनधास्त सारखी करायची.

"तुम्ही दुसरा काढला नाहीत?" मी विचारलं.

"न्हाई. दर संकष्टीला अंघोळीच्या वक्ताला हातानं तपासते. तारीख ध्यानात ऱ्हात न्हाई, पण उपास कसा इसरंल? वरसातनं येकदा हितं मशीनवर छातीचा फोटू काढून घेते."

"आणि भीती?"

"हाय की! पण ताई, तिला महिन्यातला येकच दिस दिलाय. बाकीचं दिस टोमॅटो बांधायचे, का तिला मांडीवर घेऊन बसायचं?" आणि ती खळखळून हसली.

मला हसू आलं नाही. मी दिवसातून तीन-तीनदा तपासत होते. उरलेले एकोणतीस दिवस मोकळे सोडणं मला जमणार नाही, हे तिच्याकडे बघताना पहिल्यांदा कळलं.

आत जाऊन मी डॉक्टरांना म्हटलं, "काढून टाका."

त्या होकारात शहाणपण किती आणि तिच्याएवढा धीर नसणं किती, हे मला अजून सांगता येत नाही.