तांबी पिंजऱ्यातच होती

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या सासूबाई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतात आणि त्यावरून आमचं दर शनिवारी वाजतं. तेव्हा खाली कॉमेंटमध्ये "ताई, भास झाला असेल" असं लिहिणाऱ्यांनी जरा बोटं आवरावीत. मला राग येतो, बीपी वाढतं... भास होत नाहीत.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. संध्याकाळी घरी शिवणकाम, आणि सकाळपासून दुपारपर्यंत पालिकेच्या कुत्रे पकडायच्या गाडीवर पार्ट-टाइम. लोक तोंडावर 'मॅडम' म्हणतात, पाठ वळली की 'कुत्रेवाली'. म्हणू देत. काम असं – भटकी कुत्री जाळीत पकडायची, कल्याणच्या केंद्रात न्यायची, नसबंदी आणि लस झाली की कानाला छोटी खाच पाडून जिथून उचलली तिथेच परत सोडायची. आणि चावल्याची तक्रार आली की त्या कुत्र्याला दहा दिवस वेगळ्या पिंजऱ्यात नजरेखाली ठेवायचं. पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात मरतं, नाही मेलं तर सोडायचं. म्हणजे चौकशी होते ती कुत्र्याची. ज्याला चावलं त्या माणसाची चौकशी करायची असते हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

तर ठाकुर्लीहून तक्रार आली. नव्वद फुटी रस्त्याच्या मागे अजून काही जुन्या बैठ्या चाळी शिल्लक आहेत, त्यातल्या एकीत कुत्री घरात घुसून माणसाला चावली म्हणे. मी गेलेले, सोबत आमचे पास्कलकाका. हे ठाण्याच्या जुन्या ख्रिश्चन शेतकरी घरातले, आता साठीला आलेत. जाळी टाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

पोचलो तर तो माणूस रस्त्यातच कुत्रीला लोखंडी सळईने झोडत होता. मनोज नाव त्याचं. एमआयडीसीत रात्रपाळी, दिवसा घरी. उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं आणि डाव्या हाताने दणादण... कुत्री तांबूस रंगाची, म्हातारी. भिंतीला टेकून उभी होती. पळत नव्हती, ओरडत नव्हती, फक्त त्याच्याकडे बघत होती. तिच्या तोंडातून रक्ताची तार लोंबत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ए, ठेव ती सळई! ठेव म्हणते ना! नाहीतर तुलाच घालते जाळीत."

"ओ मॅडम, तिने मला चावलंय, मी तिला नाही!"

"ते दिसतंय मला. हो बाजूला."

पास्कलकाकांना जाळी टाकावीच लागली नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि कुत्री आपल्या पायाने गाडीत चढली. काका मला हळूच म्हणाले, "बाय, ही चावणारी कुत्री नाय गो. चावरी कुत्री अशी नसते."

दारात त्याची बायको उभी होती. ज्योती. पंचविशीची असेल. खालचा ओठ सुजून काळा पडलेला. मी बघते आहे म्हटल्यावर तिनेच सांगून टाकलं, "मोरीत पडले." मग गाडीजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तांबीला नेऊ नका ना... ती कोणाला काही करत नाही हो."

"दहा दिवसांनी आणून सोडते इथेच," मी म्हटलं, आणि माझा नंबर दिला. तो नंबर कुत्रीसाठी दिला नव्हता, हे तिलाही कळलं असावं.

केंद्रात डॉक्टरांनी तांबीला तपासलं. कानाला आधीच खाच होती, म्हणजे आमच्याकडून एकदा जाऊन आलेली. वरचा डावा सुळा मुळापासून तुटलेला, तोही जुना. शेवटच्या पिंजऱ्यात ठेवली. तीन बाजूंनी सिमेंटची भिंत, पुढे जाळीचं दार, कुलूप. चावी डॉक्टरांकडे आणि माझ्याकडे, बाकी कोणाकडे नाही.

पुढचं मी स्वतः पाहिलंय. दुपारची वेळ, लख्ख ऊन, रेडिओवर गाणी चाललेली. मी तिला पाणी द्यायला गेले. तांबी झोपली होती. अचानक उठली. मानेवरचे केस ताठ. समोर भिंत, दुसरं काही नाही... आणि ती त्या भिंतीवर अशी गुरगुरली की मी बादली खाली ठेवून मागे सरले. मग तिने झेप घेतली आणि हवेतच तिचा जबडा मिटला. कशावर तरी मिटला हो! तिचे पुढचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. दात रुतवून ती लटकली होती, डोकं झटकत होती, आणि तिच्या ओठांच्या कडांनी रक्त यायला लागलं. तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. तिची डावी बरगडी माझ्या डोळ्यांदेखत आत गेली. परत धप्प. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तरी तिने सोडलं नाही. तिसऱ्या तडाख्याला ती भिंतीवर जाऊन आदळली आणि खाली पडली.

मी किंचाळले असणार, कारण डॉक्टर धावत आले. मी सांगितलं ते ऐकून म्हणाले, "सरिताताई, झटका आला असेल. झटक्यात आपटतात कुत्री." दोन बरगड्या मोडल्या होत्या. झटक्याने एवढं होतं का, विचारलं तर डॉक्टर चष्मा पुसत बसले.

तासाभरात ऑफिसातून फोन. ठाकुर्लीत त्याच चाळीत त्याच माणसाला पुन्हा कुत्रं चावलंय, तुम्ही नक्की पकडलं कोणाला?

मी आणि काका तसेच गेलो. मनोज पलंगावर बसलेला, हात टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल काढला आणि मी भोकं दोनदा मोजली. कुत्र्याच्या चाव्याला चार सुळ्यांची चार भोकं पडतात, आम्ही रोज बघतो. इथे तीन होती. चौथ्याच्या जागी नुसता वळ.

"तीच आहे ती! सोडली ना तुम्ही तिला? पण मीपण सोडली नाय. फळीने हाणली बरगडीत, तीन वेळा हाणली, तेव्हा सुटली."

काका छातीवर क्रूस करायला लागले. मी ज्योतीकडे वळले. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली होती, ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून. मी तिला नळाच्या निमित्ताने बाहेर काढलं आणि ओढणी बाजूला केली. गळ्यावर बोटांचे ठसे. पाचही बोटं मोजून घ्यावीत असे.

"ती आलेली मॅडम," ज्योती कुजबुजली. "पण आली कुठून? दाराला आतून कडी होती. कडी लावूनच मारतो तो."

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता पोलिसांत. नाही म्हणाली. माहेरी आई नाही, भाऊ दारात उभं करत नाही, आणि तक्रार करून परत याच खोलीत यायचं तर तो जिवंत ठेवणार नाही. मी चिडले. तिच्यावरच ओरडले, मूर्ख आहेस का, मरायचंय का तुला! शेवटी मीच म्हटलं, भावाचं जाऊ दे, माझ्याकडे ये. शिवणकाम आहे, झोपायला जागा आहे. कधीही फोन कर.

केंद्रात तांबीने खाणं सोडलं होतं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, पट्ट्या बांधल्या. मला म्हणाले, अजून एक मार नाही झेपणार हिला. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच चपापले. पिंजऱ्यातल्या कुत्रीला मारणार कोण होतं?

मी त्या जाळीशी बसून तिला चक्क दम भरला. "तू उठायचं नाहीस. ऐकतेस का? तिचं मी बघते." तांबी माझ्याकडे बघतही नव्हती. नजर भिंतीकडे.

मग एका सकाळी ज्योतीचा फोन आला. आवाज अगदी दबलेला. "ताई, तो झोपलाय. पिशवी भरली मी. या."

दुसरी गाडी कुठून आणणार, कुत्र्यांचीच गाडी घेऊन निघालो. आमच्या गाडीचा आवाज कुत्रे दोन गल्ल्या आधी ओळखतात आणि सगळा एरिया डोक्यावर घेतात. त्या दिवशी एकही भुंकलं नाही. चाळीत शिरलो तर ज्योतीच्या दारासमोर कुत्रीच कुत्री उभी, तोंडं बंद दाराकडे. आम्हाला वाट दिली त्यांनी. आतून भांडी पडल्याचा आवाज आला आणि मग ज्योतीची किंकाळी, अर्ध्यात तुटलेली.

शेजारची दारं बंद होती. भर दिवसा! एका खिडकीचा पडदा हलला, बस.

"काका, तोडा!"

जाळीचा लोखंडी दांडा काकांनी दाराच्या फटीत घातला आणि अंगाचा भार टाकला. कडी उखडली. आत मनोज एका हाताने ज्योतीचे केस धरून तिला ओढत होता, दुसऱ्या हातात नारळ सोलायचा कोयता. तिची पिशवी फाटून कपडे लादीवर पसरलेले. त्याने कोयता वर उचलला. मी तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हते. शक्यच नव्हतं.

आणि तो अचानक उताणा पडला. कोणीतरी पाय ओढावा तसा पडला आणि लादीवरून मागे फरफटत गेला. पोटरीचं मांस दाबलं गेलेलं मला दिसत होतं. तिथे कोणी नव्हतं. मी शपथेवर सांगते, तिथे काही नव्हतं! ट्रॅक पँट टरकन फाटली, पोटरीत भोकं पडली आणि रक्ताची चिळकांडी माझ्या चपलांपर्यंत आली. तो गुरासारखा ओरडत होता, "सोड! ए, सोड!" आणि कोयत्याने स्वतःच्या पायाजवळच्या हवेवर सपासप वार करत होता. काही वार लादीवर खणखणले, काही त्याच्याच नडगीवर बसले. काही मात्र मधेच थांबत होते, मऊ काहीतरी लागावं तसे. तो आवाज मी खाटकाच्या दुकानात ऐकलाय.

ज्योती रांगत माझ्याकडे आली. मी तिला उचलून बाहेर फेकलीच म्हणा ना. काकांनी जाळी टाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माणसावर जाळी टाकली. कोयता अडकला आणि मग मनोज नुसताच रडत पडून राहिला. त्याच्या पँटचा पोटरीवरचा तुकडा गायब होता. पोलिसांनी नंतर पूर्ण खोली झाडली, तुकडा मिळाला नाही.

पोलीस येईपर्यंत मी ज्योतीला मिठीत धरून ओट्यावर बसले होते, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. शिकलेला, शांत माणूस, पण आवाज ओळखू येईना. "सरिताताई... तांबी गेली. मी समोर उभा होतो. कुलूप लावलेलं होतं हो. तिच्या पाठीवर एकेक जखम आपोआप उघडत गेली. मी काही करू शकलो नाही."

ज्योतीने या वेळी जबाब दिला. सगळा दिला, आधीच्या वर्षांचा पण. मनोज आधी हॉस्पिटलात आणि तिथून आत गेला. पोलिसांना तो एकच सांगत राहिला, कुत्रीने केलं. त्यांनी केंद्रात फोन करून विचारलं, तर कुत्री पिंजऱ्यातच होती.

चौकीतून बाहेर पडल्यावर ज्योती म्हणाली, मला तांबीकडे न्या. मी नको म्हणत होते. पाहण्यासारखं राहिलं नव्हतं काही... मानेपासून शेपटीपर्यंत कापलेली. पण ज्योती ऐकेना. डॉक्टर बाजूला उभे होते, हातात चिमटा. तांबीचा जबडा घट्ट मिटलेला होता आणि दातांत काहीतरी होतं. त्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते, जबडा उघडत नव्हता. मेल्यावर स्नायू आवळतात, तासन्‌तास सुटत नाहीत, असं काहीतरी ते मला समजावत होते.

ज्योती खाली बसली. तिचं डोकं मांडीवर घेतलं. रक्ताने माखलेल्या त्या कानामागे खाजवलं आणि म्हणाली, "सोड गं बाई आता. सुटले मी. बघ, आले ना तुझ्यापर्यंत?"

जबडा उघडला. हळूच, झोपेत माणसाचं तोंड उघडतं तसा. ज्योतीच्या मांडीवर निळ्या ट्रॅक पँटचा तुकडा पडला. डॉक्टर तिथून उठून गेले.

नियमाप्रमाणे तिचा नमुना तपासायला पाठवला. पिसाळलेली नव्हती.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टरांकडे नाही, ते हा विषयच काढू देत नाहीत. पास्कलकाका चर्चमध्ये तिच्यासाठी मेणबत्ती लावतात, पण काय झालं विचारलं तर खांदे उडवतात. मी अजून सासूबाईंच्या लिंबू-मिरचीवरून भांडते. भुतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि जे पाहिलं ते खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही.

ज्योती आता माझ्याकडेच असते, ब्लाउज छान शिवते. हे लिहायला घेतलं तेव्हा मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं गं, काय होतं ते? आली कशी असेल?"

तिने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "आख्ख्या चाळीला ऐकू जायचं ताई, इतकी वर्षं. ते का आले नाहीत, हे नाही कोणी विचारत."

मी चहा टाकायला उठले.