सिरिलच्या ताटातली गाजरं

इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या त्या खाणकामगारांच्या गावात थेल्मा रेन फारशी कुणाला आवडत नसे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. सप्टेंबरातल्या भाजीपाल्याच्या प्रदर्शनाची ती कारभारीण. परीक्षक बाहेरगावचा. तो यायच्या आधी प्रत्येकाची मांडणी नियमात बसते का, हे थेल्मा बघायची आणि काही चुकलं असेल तर ज्याची मांडणी त्याच्या कानावर घालायची. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण रिवाज होता.

तिचा नवरा अर्नी वारला, त्याच आठवड्यात त्याचा धाकटा भाऊ सिरिल मळे नि प्रदर्शन बघणाऱ्या समितीला भेटून आला आणि अर्नीचा मळ्याचा तुकडा त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतला. त्यातल्या उभ्या लीकसकट, म्हणजे कांद्याच्या जातीच्या त्या लांब दांड्यांच्या भाजीसकट. दरवर्षी घरचंच बी धरून अर्नीनं ते मनगटाएवढे जाड, पांढरेशुभ्र दांडे जोपासले होते. त्यांच्या नि त्यांच्याच बियांच्या जिवावर सिरिलनं ओळीनं दोनदा प्रदर्शनाचा चषक नेला. यंदा तिसऱ्यांदा जिंकला, की चषक कायमचा त्याचाच होणार होता.

त्या सकाळी सिरिलनं मांडलेल्या भाज्यांच्या ताटापाशी थेल्मा थबकली. लीक, लांब गाजरं आणि बुटकी गाजरं. नियम होता एका ताटात तीन ‘काइंड’चा, म्हणजे तीन वेगळ्या भाज्यांचा. एरवी गावात काइंड काय नि व्हरायटी काय, कुणी फरक करत नसे. प्रदर्शनाच्या तंबूत मात्र तो होता. लीक आणि गाजर हे दोन काइंड. लांब गाजर आणि बुटकं गाजर ही एकाच काइंडची दोन वाणं, म्हणजे व्हरायट्या. ताटात एक काइंड कमी पडत होता. बाहेर सिरिलच्या हातगाडीत कांदे होते; बुटक्या गाजरांच्या जागी ते ठेवले की ताट नियमात बसलं असतं. तिनं नुसतं सांगायचा अवकाश होता.

तेवढ्यात तोच दोन मित्रांना घेऊन आला. “काय गं, नजर लावतेस काय? बघून घे नीट. अर्नीला जन्मात असे लीक जमले नाहीत. तो बिचारा नुसतं पाणी ओतायचा.”

मित्र हसले. थेल्मा बोलणार होती, ती थांबली.

“झालं तुझं मांडून?” तिनं विचारलं.

“झालं. आता हात लावू नकोस.”

तिनं तंबू बंद केला.

ताटात दोनच काइंड बघून परीक्षकानं लीकची जाडी मोजलीही नाही. ‘नियमाबाहेर’चं कार्ड ठेवायचं काम थेल्माचंच. अर्नीच्या लीकवर ते ठेवताना तिचा हात क्षणभर अडला, पण तिनं ठेवलं.

दुपारी सगळ्यांसमोर सिरिल तिच्या अंगावर धावून आला. “सकाळीच दिसलं होतं तुला.”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुला सांगायचं नव्हतं.”

रिवाज मोडला म्हणून समितीनं तिचं काम काढून घेतलं. अर्नीच्या जुन्या मित्रांपैकीही कुणी तिच्या बाजूनं बोललं नाही. संध्याकाळी शेजारीण दारात आली. सिरिलनं रागाच्या भरात मळ्यात बियांसाठी राखलेले लीकसुद्धा फावड्यानं तोडून टाकले, असं तिनं सांगितलं.

“अर्नीच्या वाणाचा एकही ठेवला नाही?”

“एकही नाही.”

“बरं,” थेल्मा म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.